वारशात आलेलं रिव्हॉल्व्हर

वडील गेल्यावर घरात कागदपत्रांची एक यादी तयार होते. बँकेची खाती, विमा, पेन्शन, सातबारा, सोसायटीचा शेअर दाखला हे सगळं पहिल्या आठवड्यातच लिहून होतं. कपाटाच्या आतल्या कप्प्यात कापडात गुंडाळून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर मात्र यादीत शेवटी येतं, कधी येतच नाही. ‘बाबांचं आहे, असू दे तिथंच’ म्हणून कप्पा पुन्हा बंद होतो. मग सहा महिन्यांनी, एखाद्या दुपारी, धाकटा भाऊ विचारतो, ‘त्याचे किती येतील रे?’

किमतीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही मिळतं. पण त्याआधी दोन-तीन प्रश्नांचा निकाल लागावा लागतो, आणि ते क्रमाने सोडवले नाहीत तर किमतीचा प्रश्न पोलीस ठाण्यात सुटतो.

बँकेतले पैसे वर्षभर पडून राहिले तरी बिघडत नाही. शस्त्राचं तसं नाही. शस्त्र परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर परवाना होता ते गेले की ते हत्यार घरात ठेवायचा हक्क कुणाकडेच उरत नाही, पत्नीकडेही नाही आणि थोरल्या मुलाकडेही नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं कलम २१ अशाच प्रसंगासाठी आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न लावता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ठेव स्वीकारण्याचा अधिकार असलेल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं झाली आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवलं होतं, हे न्यायालयात सांगता येतं. ते सांगायची वेळच येऊ नये, एवढं आपल्या हातात असतं.

जमा करणं म्हणजे गमावणं, असा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. त्याच कलमात वारसाचे दोन हक्क स्पष्ट लिहिले आहेत: परवाना मिळाला की ठेवलेलं हत्यार परत घेणं, किंवा ते बाळगण्यास पात्र असलेल्या माणसाला विकून पैसे घेणं. दोन्ही गोष्टी ठरलेल्या मुदतीत कराव्या लागतात. मुदत उलटली तर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने हत्यार सरकारजमा होऊ शकतं. म्हणून जमा करतानाच मुदतीबद्दल विचारून घ्या आणि ती तारीख पावतीवरच टिपून ठेवा. विक्रेत्याकडे ठेवलं तर तो महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं घेतो. ते आधी ठरवा. दोन भावांचं पटत नाही म्हणून हत्यार वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलं, तर भाड्याची रक्कम हत्याराच्या किमतीशी शर्यत लावते आणि स्वस्तातलं हत्यार असेल तर जिंकतेही.

हत्यार पिशवीत घालून थेट ठाण्यात जाऊ नका. आधी फोन करा किंवा अर्ज घेऊन जा. अर्जाला मृत्यूच्या दाखल्याची आणि परवान्याच्या पुस्तिकेची प्रत जोडा, हत्यार कुठे आहे ते लिहा आणि ते कसं आणायचं हे ठाणे अंमलदारालाच विचारा. पुष्कळदा ठाण्यातूनच कुणीतरी घरी येतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पावतीवर बनावट, बोअर (नळीचं माप), क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. ‘एक जुने रिव्हॉल्व्हर’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. क्रमांकाविना पावती म्हणजे पुढे परत मिळणारं हत्यार तुमचंच आहे याचा पुरावा नसणं.

आता ओळखीकडे वळू. हत्यार हातात न घेताही त्याची निम्मी ओळख पटते, कारण ती कागदांत असते. परवान्याच्या पुस्तिकेत हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक लिहिलेला असतो. नूतनीकरणाचे शिक्के पाहिले की वडिलांनी ते किती वर्षं सांभाळलं ते कळतं. अलीकडच्या परवान्यावर राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीतला युनिक क्रमांकही असतो, यूआयएन म्हणून. तो नसेल तर परवान्याचं शेवटचं नूतनीकरण कधी झालं हे नीट तपासा. याखेरीज एक जागा बहुतेक लोक विसरतात. दर निवडणुकीआधी परवानाधारकांना हत्यारं जमा करायला सांगतात, आणि त्या पावत्या वडिलांच्या पिढीने हमखास जपून ठेवलेल्या असतात, बहुधा रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातच. प्रत्येक पावतीवर त्या हत्याराचं वर्णन ठाण्यातल्या कुणीतरी लिहिलेलं असतं. चार पावत्यांवर क्रमांक सारखा असेल आणि पुस्तिकेत एक अंक वेगळा असेल, तर ती नोंदीतली चूक आजच दुरुस्त करायला घ्या. विकताना किंवा नावावर करताना नेमकी हीच चूक गळ्याशी येते. खरेदीचं बिल सापडलं तर ते वेगळं ठेवा, किंमत ठरवताना कामाला येईल.

परवाना सापडलाच नाही तर? तो हरवलेला असू शकतो. वडील ज्या पत्त्यावर राहत होते तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांच्या परवाना शाखेत नोंद असते, तिथे अर्ज करा. परवाना कधी नव्हताच असा संशय असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी वकील गाठा आणि त्याच्यामार्फतच पोलिसांकडे जा. विहिरीत, खाडीत, भंगारात टाकणं हा उपाय नाही. टाकलेलं हत्यार कुणाच्या तरी हाती लागतं, आणि मग ते तुमच्या घरातून गेलं हे सांगणारं कुणीतरी गावात असतंच.

‘ते चालतच नाही, गंजलंय’ हा युक्तिवादही जपून करावा. शस्त्र अधिनियमातून सूट मिळते ती जुनाट किंवा निकामी हत्याराला, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. घोडा मोडला आहे, स्प्रिंग सैल झाली आहे, नळीला गंज चढला आहे, यांतलं काहीही त्या अटीत बसत नाही. स्प्रिंग बदलता येते. कुठलं हत्यार कायमचं निकामी आहे हे तुम्ही ठरवायचं नाही, तज्ज्ञाने ठरवायचं.

हत्यार प्रत्यक्ष पाहायची वेळ येते तेव्हा ते शक्यतो विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या कारागिराने रिकामं करून दाखवल्यावर पाहा. वडिलांनी कधीच भरून ठेवलं नसेल, अशी तुमची कितीही खात्री असली तरी ते भरलेलं आहे असंच समजा. चापाजवळ बोट न्यायचं नाही, नळी कुणाकडे रोखायची नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरांपैकी अनेकांत घोडा काडतुसाच्या टोपीवर टेकलेला राहतो, म्हणजे हातातून फरशीवर पडलं तरी बार उडू शकतो. घरात लहान मुलं असतील तर जमा होईपर्यंतच्या चार दिवसांतही ते कुलपात असावं आणि किल्ली एकाच माणसाकडे असावी.

रिव्हॉल्व्हर रिकामं झालं, पांढऱ्या कापडावर ठेवलं, जवळ एक भिंग आणि विजेरी आहे. पहिल्यांदा ते कसं उघडतं ते पाहा. वरच्या पट्टीची कळ दाबली की नळी खाली झुकून मधून दुमडणारं, एका बाजूला चाक बाहेर येणारं, आणि चौकट सलग असून मागच्या झडपेतून एकेक काडतूस भरायचं, असे रिव्हॉल्व्हरचे तीन प्रकार भेटतात. चाक नाही आणि मुठीत मॅगझिन आहे तर ते पिस्तूल. परवान्यात कारकुनाने रिव्हॉल्व्हरला पिस्तूल किंवा पिस्तुलाला रिव्हॉल्व्हर लिहिल्याची उदाहरणं आढळतात. तसं असेल तर आत्ताच दुरुस्ती करून घ्या.

मग येतात अक्षरं. आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. नळीवर सगळ्यात ठळक कोरलेलं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. ते विकणाऱ्याचं असू शकतं: कलकत्त्याची मॅंटन किंवा रॉडा कंपनी, किंवा मुंबईत काळा घोड्याजवळ ज्यांची इमारत अजून उभी आहे ते आर्मी अँड नेव्ही स्टोअर. ही मंडळी बर्मिंगहॅमहून माल मागवून त्यावर आपलं नाव घालत. त्या नावाने हत्याराचा प्रवास कळतो आणि संग्राहकाला त्यात रसही असतो. हीच रॉडा कंपनी ऑगस्ट १९१४ मध्ये बंगाली क्रांतिकारकांनी लुटली होती, ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं गेली होती. असो, घरातलं रिव्हॉल्व्हर त्यातलं नसतं, पण आजोबांनी ‘रॉडाकडचं’ असा उल्लेख केला असेल तर त्याचा अर्थ एवढाच.

दुसरा सापळा काडतुसाच्या नावाचा. नळीवर ‘स्मिथ अँड वेसन’ हे शब्द दिसले की घरातला माणूस आनंदतो. पण त्या शब्दांच्या आगेमागे ‘.३२’ आणि ‘साठी’ या अर्थाचं काही आहे का ते भिंगाने वाचा. स्पेनमधल्या एइबार या गावातल्या कारखान्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी रिव्हॉल्व्हरांच्या असंख्य नकला केल्या, आणि त्यांच्यावर ‘स्मिथ अँड वेसनची काडतुसं चालतील’ अशा धर्तीचा मजकूर मुद्दाम मोठ्या अक्षरांत कोरला. नकली म्हणजे बनावट नव्हे. ती खरी हत्यारं होती, फक्त मऊ लोखंडाची आणि स्वस्त. बेल्जियममधल्या लीज गावाचं तेच. वेब्लीने १८७२ मध्ये आखूड नळीचं ‘ब्रिटिश बुलडॉग’ काढलं, ते खिशात मावायचं म्हणून तडाखेबंद खपलं, आणि लीजच्या कारागिरांनी त्याच नावाने त्याच्या नकला जगभर पाठवल्या. नळीवर ‘ब्रिटिश बुलडॉग’ आणि चाकावर लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरं असतील, तर तो बुलडॉग ब्रिटिश नाही.

म्हणून खरी ओळख नावाने पटत नाही, परीक्षेच्या शिक्क्याने पटते. युरोपात हत्यार बाजारात येण्याआधी सरकारमान्य परीक्षागृहात त्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत, आणि नळी टिकली तर तिच्यावर छोटा शिक्का मारत. हे शिक्के नळीच्या बुडाशी, चौकटीवर आणि चाकाच्या प्रत्येक कप्प्याच्या भिंतीवर सापडतात, कधी मोहरीएवढे बारीक. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने सुरू झालं. १९०४ नंतरच्या तिथल्या मालावर मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. आणि एन.पी. ही अक्षरं दिसतात. लीजचा लंबगोल त्याहून जुना, आणि त्या लंबगोलाच्या डोक्यावर मुकुट असेल तर हत्यार १८९३ नंतरचं. एइबारमध्ये सक्तीची परीक्षा १९२३ मध्ये आली, आणि १९२७ पासून प्रत्येक वर्षासाठी एक रोमन अक्षर ठरलं, ए पासून पुढे. स्पॅनिश पिस्तुलावर एकही शिक्का नसेल तर ते बहुधा १९२३च्या आधीचं. अमेरिकेत सरकारी परीक्षागृहं नव्हतीच, त्यामुळे तिकडच्या मालावर असे शिक्के नसणं हेच लक्षण. हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, आयव्हर जॉन्सन, हॉपकिन्स अँड ॲलन ही तिकडची स्वस्त माल काढणारी घराणी. त्यांचं निकेलचा मुलामा दिलेलं, मधून दुमडणारं .३२ रिव्हॉल्व्हर तिकडे किराणा दुकानातही विकलं जाई. मुठीवर घुबडाचं डोकं असेल तर ते आयव्हर जॉन्सन.

तारखांबद्दल एक सावधगिरी. अमेरिकी नळीवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात, १८८६, १८९३ अशा. वाचणारा लगेच म्हणतो, सव्वाशे वर्षांचं आहे. पेटंटची तारीख म्हणजे बनवल्याची तारीख नव्हे; शेवटच्या तारखेच्या आधीचं ते नाही, एवढंच तिच्यावरून कळतं. कंपनीच्या नावाची धाटणी जास्त खात्रीची. वेब्लीचं विल्यम स्कॉटच्या कंपनीशी विलीनीकरण १८९७ मध्ये झालं, त्यामुळे ‘पी. वेब्ली अँड सन’ आधीचं आणि ‘वेब्ली अँड स्कॉट’ नंतरचं. पण त्यातही नवी भानगड आहे. मधून दुमडणारं .३२ रिव्हॉल्व्हर आपल्या कानपूरच्या आयुध कारखान्यात नव्वदच्या दशकापासून बनतं, आणि त्याचा घाट वेब्लीच्या मार्क फोरवरूनच घेतलेला आहे. शिवाय २०२० पासून उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात संदीला इथे वेब्लीच्या नावानेच रिव्हॉल्व्हर तयार होतात. तेव्हा आकारावरून विलायती ठरवू नका. वडिलांनी १९९८ मध्ये घेतलेलं रिव्हॉल्व्हर विलायती दिसतं, पण बिल कानपूरचं निघतं.

क्रमांकही एकच असेल असं धरू नका. चौकटीवरचा, चाकावरचा आणि दुमडणाऱ्या भागाच्या आतला क्रमांक पाहा. जुन्या कारागिरीत जुळणीसाठी वेगळे छोटे अंक घालत, आणि ते कुणीतरी परवान्यात मूळ क्रमांक म्हणून लिहिलेले असतात. तिन्ही ठिकाणी एकच अंक असेल तर भाग मूळचे, आणि त्याने किंमत वाढते. वेगळे असतील तर कधीतरी चाक बदललं आहे. मुठीचे स्क्रू घरच्या पेचकसाने उघडून आत काय लिहिलंय ते बघायचा मोह टाळा. जुन्या स्क्रूच्या खाचा एकदा बिघडल्या की शंभर वर्षांची मूळ स्थिती पाच मिनिटांत जाते, आणि हा डाग विक्रेत्याच्या नजरेला पहिल्या क्षणी दिसतो.

एकही नाव नाही, शिक्का नाही, क्रमांक नाही किंवा घासून काढलेला दिसतो, तर प्रकरण वेगळं. कलम ८ नुसार हत्यारावरचा क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणं, बदलणं हाच गुन्हा आहे. गावठी हत्यार असण्याचीही शक्यता असते. अशा वेळी किमतीचा विचार सोडा आणि वकिलाकडे जा. ज्या घरात क्रमांक व्यवस्थित आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं की गंज काढायला लोखंडी घासणी किंवा पॉलिश पेपर लावला आणि अंक अस्पष्ट झाले, तर स्वच्छतेच्या हौसेने तुम्ही एक कायदेशीर अडचण तयार केलीत.

बोअर ही किमतीची खरी किल्ली आहे. भारतात काही बोअर निषिद्ध आहेत, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत: .३८ आणि .४५५ चं रिव्हॉल्व्हर, ९ मिलिमीटर पिस्तूल. लष्करात किंवा पोलिसात ही मापं वापरात असल्याने तशी वाटणी झाली. सैन्यातून निवृत्त झालेल्या वडिलांच्या कपाटात .३८ वेब्ली निघणं अगदी शक्य आहे, आणि तसं असेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर संपत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातं. निषिद्ध हत्यार विनापरवाना बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं आहे, म्हणून जमा करण्याच्या बाबतीत अशा घराने एक दिवसही थांबू नये. घेणारेही मोजकेच, त्यामुळे हत्यार कितीही देखणं असलं तरी बाजार छोटा.

अनिषिद्ध बोअरमध्ये .३२, .२२, .२५ ही मापं येतात. त्यातही ‘बत्तीस’ या एका शब्दात तीन वेगळी काडतुसं लपलेली आहेत. रिव्हॉल्व्हरचं .३२ हे कडा असलेलं. आखूड १८७८ चं, लांब १८९६ चं. पिस्तुलाचं .३२, ज्याला युरोपात ७.६५ म्हणतात, ते वेगळं आणि जास्त जोराचं. पिस्तुलाचं काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चाकात काही वेळा बसतं आणि त्यात मोठा धोका आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मऊ लोखंडाला तो दाब सोसत नाही. तिसरा प्रकार जुना इंग्रजी .३२०. त्याची काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे ते हत्यार परवान्यावर चढलं तरी वापरायला निरुपयोगी. काळ्या दारूच्या जमान्यातल्या हत्यारांबद्दलही हेच. आयव्हर जॉन्सनने आपली रिव्हॉल्व्हरं धूररहित दारूसाठी १९०९ मध्ये नव्याने बांधली. त्याआधीचं असेल तर आजच्या काडतुसाने एकही बार काढू नये. बर्मिंगहॅमच्या मालावर एन.पी. आहे का, लीजच्या मालावर सिंहाखाली पी.व्ही. आहे का, हे त्यासाठीच पाहायचं. ती धूररहित दारूच्या परीक्षेची खूण आहे. चालवून बघतो, शेतावर एकदा उडवून बघतो, असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातून ते काढून घ्या. किमतीसाठी बार काढून बघायची गरज नसते, आणि परवाना नसलेल्याने तर तो काढायचाच नाही.

स्थितीबद्दल थोडक्यात. मूळ निळसर झिलई किंवा मूळ निकेल जेवढं शिल्लक, तेवढी किंमत. नव्याने केलेला चकचकीत मुलामा किंमत उतरवतो. तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे घोडा, चाप आणि चापाभोवतीची कडी पाहणं. बहुतेक जुन्या अमेरिकी हत्यारांत हे भाग मुळात वेगळ्या रंगाचे असत. तेही सगळे पांढरे चकाकत असतील तर कुणीतरी स्थानिक कारागिराकडून मुलामा देऊन घेतला आहे. आपल्याकडे दमट हवेमुळे हे फार झालं आहे. तुम्ही आता करायचं ते एवढंच: कोरड्या सुती कापडाने धूळ पुसा, बाकी विक्रेत्यावर सोडा. खोबरेल तेल लावू नका, ते घट्ट होऊन आत चिकटतं.

आता किंमत. परदेशी संकेतस्थळांवर आयव्हर जॉन्सन किंवा बेल्जियन बुलडॉगचे आकडे बघून इथला अंदाज बांधू नका. अमेरिकेत अशी हत्यारं शे-दोनशे डॉलरला विकली जातात, कारण तिथे ती रद्दीच्या भावाच्या जवळपास आहेत. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून व्यक्तींना परदेशी हत्यार आयात करणं जवळपास बंद झालं, आणि जे आधी देशात आलं तेच फिरत राहिलं. म्हणून तिकडे मामुली असणारं विलायती पिस्तूल इथे भाव खाऊन गेलं. पण तो भाव वेब्ली, कोल्ट, वॉल्थर अशा नावांचा, चालू बोअरचा आणि चांगल्या स्थितीचा. एइबारच्या नकलेला किंवा .३२० च्या बुलडॉगला त्याचा फायदा फारसा मिळत नाही.

मोजपट्टी म्हणून नव्या देशी मालाची किंमत घ्या. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये बाजारात आलं तेव्हा त्याची किंमत सुमारे १,२२,००० रुपये होती. आज विक्रेत्याकडे नव्या .३२ रिव्हॉल्व्हरचा जो भाव आहे तो विचारा. स्वस्त जातीचं जुनं हत्यार त्याच्या बरंच खाली राहणार, आणि विक्रेता घेताना आणखी कमी सांगणार, कारण त्याला ते ठेवायचं, तपासायचं आणि परवानाधारक गिऱ्हाईक मिळेपर्यंत अडकून पडायचं आहे. शिवाय २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक काढावं लागलं, आणि ज्यांच्याकडे दोन आहेत ते तुमचं तिसरं घेऊ शकत नाहीत. माल वाढला, गिऱ्हाईक घटलं. ‘पुढे भाव वाढेल’ म्हणून थांबणाऱ्याने हे हिशेबात घ्यावं. माझं मत स्पष्ट आहे: साध्या हत्यारासाठी थांबून फायदा होत नाही.

तीन विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्या, एकाच शहरातल्या नको. ‘तुम्ही विकत घ्याल तर किती आणि दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवाल तर किती’ हे दोन प्रश्न वेगळे विचारा, उत्तरं बरीच वेगळी येतात. थेट परवानाधारकाला विकायचं असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर भाव विचारणं मात्र नकोच; त्याने कळतं फक्त तुमच्या घरात हत्यार आहे हे, आणि ते नको त्या लोकांना कळतं.

वाटणीचा प्रश्न भाव कळल्यावर येतो. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद आहे, पण अर्ज करणाऱ्या एका वारसाला बाकीच्यांची संमती लागते. ना हरकत प्रतिज्ञापत्र देताना बहीण म्हणते, ‘माझा काय वाटा?’ आणि तिचं म्हणणं बरोबर असतं. सर्वांत कमी कटकटीचा मार्ग म्हणजे तिन्ही विक्रेत्यांनी दिलेल्या भावांची सरासरी काढायची, हत्यार ठेवणाऱ्याने बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची रक्कम द्यायची, आणि हे प्रतिज्ञापत्रातच लिहायचं. एखादा भाऊ अमेरिकेत किंवा दुबईत असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावं लागतं. त्याला दोन महिने धरा. ‘मी आठवण म्हणून इकडे घेऊन जातो’ असं तो म्हणाला तर ते सोडून द्या. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते, व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही, आणि त्याहून नवी असेल तर शस्त्र कायदा आडवा येतो.

अर्ज करणाऱ्याचं वय २१ च्या वर हवं, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला लागतो, पोलीस चौकशी होते, आणि त्याच्याकडे आधीच दोन हत्यारं असतील तर वारशाचं म्हणून तिसरं मिळत नाही. पाच वर्षांनी नूतनीकरण, दर निवडणुकीला जमा करणं, परगावी राहायला गेलं तर पत्ता बदलणं. पन्नास वर्षं ही धावपळ वडिलांनी केली असेल. ती तुम्हाला करायची आहे का, हे भावाच्या आकड्याबरोबर ठरवा. मला विचाराल तर, ज्या घरात कुणी हत्यार हाताळलेलं नाही तिथे ते विकून टाकावं.

वडील हयात असतील आणि हा लेख त्यांच्याच घरात वाचला जात असेल, तर काम बरंच सोपं आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचे झाले किंवा हत्यार त्यांच्याकडे पंचवीस वर्षं असलं, यांतलं जे आधी होईल तेव्हा ते हयातीतच वारसाला नामनिर्देशित करू शकतात. तेव्हा सगळ्या भावंडांना एकत्र बसवून सही घेणं वडिलांना जमतं, नंतर ते इतर कुणाला जमत नाही.

काडतुसं वेगळी मोजा. परवान्यात किती घेतली आणि किती शिल्लक याची नोंद असते आणि जमा करताना ती जुळावी लागते. जुनी, हिरवट डाग पडलेली काडतुसं हातोडीने, पक्कडीने उघडू नका, चुलीत टाकू नका. ती हत्याराबरोबरच जमा करा. बुडावर के.एफ. ही अक्षरं असतील तर ती आपल्या खडकीच्या कारखान्यातली, पण त्यानेही त्यांचं वय काही कमी होत नाही. आणि शेवटी हत्यार विकलं, नावावर केलं किंवा सरकारला देऊन टाकलं, काहीही झालं तरी वडिलांच्या नावचा परवाना रद्द झाल्याचं पत्र परवाना शाखेतून मागून घ्या. ते मिळेपर्यंत नोंदणीत ते हत्यार वडिलांच्याच नावावर दिसत राहतं, आणि पुढच्या निवडणुकीला ठाण्यातून फोन येतो, ‘साहेबांनी हत्यार जमा केलं नाही.’